चॅनलसाठी पहिला बोर्ड गेम आकडे पाहून कसा निवडावा

मराठीतून बोर्ड गेम समजावणारा चॅनल सुरू करायचा ठरला, की हात आधी क्रमवारीकडे जातो. बोर्डगेमगीक या बोर्ड गेमच्या संकेतस्थळाच्या यादीत अगदी वर दिसणारा 'ब्रास : बर्मिंगहॅम' उत्तम खेळ आहे. पण त्याचं 'वेट', म्हणजे ५ पैकी अवघडपणा, ३.९ च्या आसपास आहे. त्याचे नियम पहिल्याच व्हिडिओत सांगायला घेतले तर सांगणारा आणि ऐकणारा दोघंही दमतात. क्रमवारीतून मुरलेल्या खेळाडूंची आवड कळते. तुम्हाला शोधायचा आहे तो खेळ वेगळा: लोकांना हवा असलेला, पण मराठीत अजून कोणी नीट न सांगितलेला.

आधी एक स्प्रेडशीट उघडा. स्वतःकडचे, मित्रांकडचे, गेम कॅफेत मिळणारे असे १५ खेळ लिहा. विकत घेण्याची घाई नको. 'कार्कासोन'सारखे कित्येक खेळ बोर्ड गेम अरीना या संकेतस्थळावर ऑनलाइन खेळून बघता येतात.

मग बोर्डगेमगीकवर प्रत्येक खेळाचं पान उघडून चार गोष्टी टिपा: वेट, किती जणांकडे तो आहे, या महिन्यात किती वेळा खेळल्याची नोंद आहे आणि भाषेवरचं अवलंबन. वेट २.५ च्या वर असेल तर सध्या बाजूला ठेवा. मालकांचा आकडा मोठा पण खेळल्याच्या नोंदी कमी, तर खेळ कपाटात पडून आहे असं समजायला हरकत नाही.

चौथा रकाना आपल्यासाठी सर्वांत मोलाचा, आणि नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. खेळाच्या साहित्यावर किती मजकूर आहे, यावर तिथे वाचकांचं मतदान असतं. २०१८ चा 'श्पील देस यारेस' हा जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळवणाऱ्या 'अझुल'मध्ये ५ रंगांच्या १०० फरश्या आहेत आणि त्यांवर एकही शब्द नाही. आजीपासून नातवापर्यंत कोणीही मराठीत नियम ऐकून लगेच खेळायला बसेल. 'विंगस्पॅन'मध्ये पक्ष्यांचे १७० पत्ते आहेत आणि बहुतेकांवर वाचायला मजकूर. खेळ सुरेख, पण तुमचा व्हिडिओ संपल्यावरही प्रेक्षकाला इंग्रजी वाचावंच लागतं.

आता मागणी. लोक काय शोधतात ते दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये 'यूट्यूब सर्च' निवडून दोन-तीन खेळांची तुलना करा. तिथले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हे. नावाचीही काळजी घ्या: 'अझुल' म्हणजे स्पॅनिशमध्ये निळा, त्यामुळे नुसता शब्द टाकला तर भलतेच शोध मोजले जातील. सुचवण्यांमध्ये खेळ म्हणून वेगळा विषय दिसला तर तोच घ्या.

पुरवठा मोजायला यूट्यूबवर खेळाचं नाव आणि 'मराठी' टाका. किती व्हिडिओ आहेत ते मोजाच, पण त्यांखालच्या प्रतिक्रियाही वाचा. तोच तोच नियम लोक पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर तो कोणी नीट समजावलेला नाही. तुमचा व्हिडिओ तिथूनच सुरू करा.

यादीतून तीन खेळ निवडा, एक नको. एकाच व्हिडिओच्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. तिन्हींचे व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक टिकण्याचा आलेख पाहा आणि लोक ज्या मिनिटाला सोडून गेले ते मिनिट त्याच स्प्रेडशीटमध्ये लिहा. तिन्हींत मांडामांड चालू असतानाच आलेख कोसळत असेल, तर पुढच्या यादीत 'मांडायला किती मिनिटं लागतात' हा रकाना वाढवा.