दुसऱ्या दिवशी मऊ पडणारी चकली

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चकली तळली त्या दिवशी कुरकुरीत, दुसऱ्या दिवशी मऊ. सगळे बडोद्याच्या दमट हवेला बोल लावायचे. पण डबा घट्ट झाकणाचा होता. म्हणून एक चकली मोडून पाहिली: कडा खमंग, मधला भाग ओलसर, बोटाने दाबला की दबणारा.

कारण आचेत होतं. तेल फार तापलं की बाहेरचा थर पटकन लाल होतो आणि आतलं पाणी निघायच्या आतच आपण चकली काढतो. तेच पाणी मग डब्यात हळूहळू बाहेरच्या थरात येतं. तेल कमी तापलेलं असेल तर चकली तेलकट होते, तेही नको.

आता तेल साधारण 170 अंशांवर आणते आणि चकल्या सोडल्यावर आच मध्यम ठेवते. नुसत्या रंगावर जात नाही, बुडबुडे बघते. बुडबुडे म्हणजे निघणारी वाफ; ते जवळजवळ थांबले की चकली झाली. कढईत थोड्याच सोडायच्या, नाहीतर तेल निवतं. जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरत नाही.

सासूबाईंची भाजणी तीच आहे, मोहनही तेवढंच.

आधीच मऊ पडलेल्या असतील तर मंद ओव्हनमध्ये थोडा वेळ ठेवा, पुन्हा कुरकुरीत होतात.