स्पार्टन ढाल घेऊन फळीत उभं कसं राहावं

अस्पिस ही प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टाच्या सैनिकांची लाकडी गोल ढाल सुमारे 90 सेंटिमीटर व्यासाची, वजनाला 6 ते 8 किलो. नुसत्या मुठीत पेलायला गेलात तर मनगट लगेच भरून येईल. डावा हात मधल्या रुंद पट्ट्यातून, म्हणजे पोर्पाक्समधून, कोपरापर्यंत आत घाला आणि काठाजवळची दोरी मुठीत आवळा. पट्टा सैल असेल तर ढाल हातावर फिरते. आतून चामडं लावून घट्ट करा. वरचा काठ खांद्यावर टेकवा, ढालीला खोलगटपणा आहे तो त्यासाठीच.

डावा पाय पुढे. भाला 2 ते 2.5 मीटरचा, त्याच्या मागच्या टोकालाही धातूची अणी असते, तेव्हा मागच्या गड्याला जपा.

फळीत एकामागे एक रांगा साधारण आठ. खरी गडबड चालताना होते: प्रत्येक जण आपली उघडी उजवी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड न्यायला बघतो आणि अख्खी फळी उजवीकडे सरकते. इ.स.पू. 418 मध्ये ग्रीसमधल्या मँटिनियाच्या लढाईत स्पार्टन आणि त्यांचे शत्रू, दोन्ही सैन्यांचं हेच झालं. सुरुवात उजव्या टोकाच्या माणसापासून होते, म्हणून तिथे थंड डोक्याचा गडी ठेवा. धावू नका, स्पार्टन अवलोसच्या सुरावर सावकाश चालत. अवलोसला बासरी म्हणतात खरं, पण ती सनईच्या जातीची.