थर्मामीटर फुटला? आधी झाडू खाली ठेवा

ताप बघायला म्हणून थर्मामीटर झटकला, तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि पारा फरशीवर सांडला. मी घाईघाईने झाडू उचलला. एका फटक्यात वाटाण्याएवढ्या थेंबाचे कितीतरी बारीक मणी झाले आणि निम्मे कपाटाखाली पळाले. सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती बहुतेक घरांत होते.

पारा उणे 39 अंशांपर्यंत द्रवच राहतो आणि उघडा पडला की त्याची सतत वाफ होत राहते. तिला ना रंग, ना वास. थेंब जितके बारीक, तितकी वाफ जास्त. खोली तापली तर आणखी जास्त: 20 अंशांवरून 40 अंशांवर गेलं की हवेत मावणारी वाफ चौपटीहून अधिक होते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर तर झाडूहूनही वाईट, तो पारा गरम करून खोलीभर उडवतो.

मुलाने थर्मामीटर चावला की घरचे पाऱ्याने घाबरतात. खरं तर गिळलेला पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, उलट श्वासातून गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के शरीरात राहते. तेव्हा उलटी करवू नका. तोंडातल्या काचा काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता आवरायचं कसं? मुलांना आणि मांजराला बाहेर काढा, पंखा-एसी बंद करा, खिडक्या उघडा, आतलं दार लावून घ्या. अंगठ्या, बांगड्या उतरवा आणि हातमोजे घाला. जुन्या लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घेऊन मणी हलकेच एकमेकांकडे ढकला. ते आपसूक एक होतात. मग ड्रॉपरने उचलून झाकणाच्या प्लास्टिक बरणीत थोड्या पाण्याखाली ठेवा. अॅल्युमिनियमचा डबा नको, पारा त्याला खातो. उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपा. दिवे मालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा. नुसत्या डोळ्यांना न दिसलेले कण चांदीसारखे चमकतात. मला कपाटाच्या पायाशी असेच सात सापडले.

फटीत गेला असेल तर गंधकाची पूड भुरभुरवा. तिच्याशी संयोग सावकाश होतो, त्यामुळे हाताला लागेल तेवढा पारा आधी उचलाच. नंतरही काही दिवस खोली हवेशीर ठेवा आणि टॉर्च पुन्हा फिरवा.

अंगठी पांढरी पडली? सोन्याने पारा शोषलाय. ती गॅसवर तापवू नका, सगळी वाफ तुमच्याच नाकात जाईल. सोनाराकडे देतानाही पारा लागल्याचं स्पष्ट सांगा.

बेसिनमध्ये ओतणं ही आणखी एक चूक. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तो खालच्या वाकड्या पाइपात बसून राहतो. नदी-खाडीत पोहोचलाच तर जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विषारी संयुग करतात आणि ते माशांत साठतं. जपानमधल्या मिनामाटात 1956 मध्ये उघडकीला आलेला आजार याच विषाचा होता. तिथे ते कारखान्याच्या सांडपाण्यातून थेट समुद्रात जात होतं. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, वेगळ्या पिशवीत बांधा.

आणि आपल्याकडची एक सवय: गव्हाच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या घालणं. कीड लागत नाही हे खरं, पण ज्या धान्याची पोळी होते त्यात पारा ठेवायला माझं मन धजत नाही. कडक ऊन द्या, कडुलिंबाचा सुका पाला घाला, कोठी घट्ट बंद करा.

भरलेली बरणी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. 2016 च्या घनकचरा नियमांत फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर घरगुती घातक कचऱ्यात धरला होता. बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘पारा’ लिहा, घंटागाडीवाल्याच्या हाती तशीच देऊ नका, आधी पालिकेच्या आरोग्य विभागाला विचारा. तोवर ती मुलांचा हात पोहोचणार नाही अशी, गॅलरीतल्या सावलीत ठेवा.