बचत गटाच्या बैठकीत गप्प बसणाऱ्यांना बोलतं कसं करायचं

गटात दहा ते वीस जणी असतात, बोलतात मात्र त्याच दोघी-तिघी. बाकीच्यांना सगळं पटलेलं असतं असं नाही. ‘सगळ्यांना कळलंय, माझंच डोकं चालत नाही’ असं जिला वाटतं, तिच्या शेजारणीलाही तेच वाटत असतं. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ साली विद्यार्थ्यांना मुद्दाम न कळणारा लेख दिला आणि अडलं तर येऊन विचारा, असं सांगितलं. विचारायला कोणी उठलं नाही. इतरांना आपल्यापेक्षा जास्त कळलंय, असाच त्यांचा समज होता.

म्हणून ‘कळलं का सगळ्यांना?’ हा प्रश्न सोडून द्या. त्यावर माना डोलतातच. थेट हिशोब घाला: कर्ज ५,००० रुपये, व्याज महिना २ टक्के, दरमहा ५०० मुद्दल. पहिल्या महिन्याला ६०० भरायचे, मग दुसऱ्याला किती? दोघी-दोघींनी आपसात बोलून उत्तर सांगायचं, म्हणजे चूक एकटीच्या माथी येत नाही. काहीजणी पुन्हा ६०० म्हणतील. त्यांना कुणी हसणार नाही, हे बघा. शिल्लक मुद्दल ४,५००, त्याचं व्याज ९०, म्हणून ५९०, हे सगळ्यांसमोर लिहून दाखवा.

गोलात बसा. दर बैठकीत वेगळ्या बाजूने सुरुवात करा. अध्यक्ष आणि सचिव शेवटी बोलतील, याला अपवाद नको. त्या आधी बोलल्या की पुढे फक्त ‘ताई म्हणतात तसंच’ ऐकू येतं. नव्या सुनेची जोडी नात्यातल्या मोठ्या बाईशी लावू नका.

बोलता बोलता एखादी थांबली तर तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेकदा खरी अडचण त्यानंतरच बाहेर येते. मग ती तिच्याच शब्दांत परत म्हणा: ‘मजुरी दहा तारखेला मिळते, म्हणून पाचचा हप्ता जड जातो, बरोबर?’ तिने दुरुस्ती केली तर फारच चांगलं. लगेच सल्ला द्यायला धावलात, तर ती पुढचं बोलणार नाही.

इतिवृत्तात ‘हप्त्याबाबत चर्चा झाली’ एवढंच लिहिलं तर तिचं म्हणणं हरवतं. नाव, मागणी आणि निर्णय लिहा. सह्या-अंगठ्यांआधी मोठ्याने वाचा. मागणी नाकारली असेल तर कारणही त्याच बैठकीत सांगा. घरातली मारहाण किंवा आजारपण कुणी बोलून दाखवलं, तर ते वहीत लिहायचं नाही आणि बैठकीबाहेरही न्यायचं नाही. मदत हवी का, हे तिला एकटीला विचारा.