शिकागोच्या उपनगरांतील बर्फ : ड्राइव्हवे, प्लाऊ आणि गाडी

नेपरव्हिल, ऑरोरा, प्लेनफिल्ड, शॉमबर्ग अशा उपनगरांत पहिला हिवाळा काढणाऱ्या मराठी कुटुंबांना सर्वांत जास्त धास्ती असते ती बर्फात गाडी घसरण्याची. ती रास्तच आहे. पण अडचणी मोजायला बसलो तर बहुतेकांचे मूळ गाडी गॅरेजबाहेर पडण्याच्या आधीच सापडते. निघण्याची वेळ चुकलेली असते, रस्ता चुकीचा निवडलेला असतो, टायर झिजलेले असतात किंवा प्लाऊ (रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारा ट्रक) येण्याच्या अगोदर ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची वाट, साफ करून सगळी मेहनत वाया गेलेली असते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष गाडी चालवण्याइतकीच जागा त्या पूर्वतयारीला दिली आहे.

शिकागो परिसरात एका मोसमात सरासरी सुमारे 38 इंच बर्फ पडतो. तो सारखा वाटून पडत नाही. अनेकदा इंच-दोन इंचांच्या सरी येतात आणि मधूनच एखादे मोठे वादळ सगळे ठप्प करून जाते. 1967 च्या जानेवारीत 23 इंच बर्फ पडला होता. 1979 च्या वादळानंतर रस्ते वेळेवर मोकळे झाले नाहीत, त्याचा राग मतदारांनी महापौर मायकेल बिलँडिक यांच्यावर काढला आणि जेन बर्न निवडून आल्या. तेव्हापासून या भागात प्लाऊ हा राजकीयदृष्ट्याही नाजूक विषय आहे, आणि नगरपालिका बर्फाच्या बाबतीत सहसा हयगय करत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असावे.

अंदाज कसा वाचावा

फोनवरच्या ॲपमधील बर्फाचे चित्र पाहून निर्णय घेऊ नये. राष्ट्रीय हवामान सेवेचे शिकागो परिसराचे कार्यालय रोमिओव्हिलला आहे आणि त्याचे इशारे वाचण्याची सवय लावून घ्यावी. ‘वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, अजून खात्री नाही. ‘वॉर्निंग’ म्हणजे वादळ येणार किंवा आलेच आहे. उत्तर इलिनॉयमध्ये साधारणपणे 12 तासांत 6 इंच किंवा 24 तासांत 8 इंच बर्फाचा अंदाज असेल तर वॉर्निंग दिली जाते. ‘ॲडव्हायझरी’ त्याहून सौम्य असते. मात्र किती इंच यापेक्षा केव्हा आणि किती तापमानाला, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. रात्री अकराला थांबलेले 5 इंच सकाळी आठपर्यंत बरेचसे साफ झालेले असतात. पहाटे पाचला सुरू झालेले 2 इंच मात्र कचेरीच्या वेळेत सगळ्यांची फजिती करतात. त्यातही आधी पाऊस, मग तापमान 32 अंश फॅरनहाइटच्या खाली आणि वर बर्फ, असा क्रम असेल तर घरून काम करण्याची परवानगी आदल्या रात्रीच मागून ठेवावी.

कोणता रस्ता कोणाचा

नव्याने आलेल्यांना हे माहीत नसते की उपनगरातील सगळे रस्ते एकाच यंत्रणेचे नसतात. नेपरव्हिलचेच उदाहरण घेतले तर रूट 59 राज्याचा, 75वा स्ट्रीट ड्यूपेज काउंटीचा, आय-88 टोलवेचा (टोलचे महामार्ग सांभाळणाऱ्या संस्थेचा) आणि आपल्या घरासमोरची गल्ली शहराची. त्यामुळे एकाच प्रवासात स्वच्छ काळा रस्ता अचानक संपून पांढरा चिखल सुरू होतो, तो बहुधा हद्द बदलल्यामुळे. शहराचे प्लाऊ आधी मुख्य रस्ते, मग वसाहतींना जोडणारे रस्ते, मग निवासी गल्ल्या आणि शेवटी ज्यांचे टोक बंद आहे अशा कल-डी-सॅक या क्रमाने जातात. वादळ चालू असेपर्यंत तेच ट्रक पुन्हा पुन्हा मुख्य रस्त्यांवर फिरत राहतात. तेव्हा कल-डी-सॅकमध्ये राहणाऱ्यांनी सकाळी सातला शहराला फोन करून तक्रार करण्यात अर्थ नाही; आपल्या गल्लीला उशीर होणार हे घर घेतानाच ठरलेले असते. (गोल गल्लीत मुले निर्धास्त खेळतात म्हणून ती घरे महाग मिळतात, जानेवारीत त्याची दुसरी बाजू दिसते.)

गाडी रस्त्यावर लावण्याचा नियम आपापल्या गावाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. नेपरव्हिलमध्ये 2 इंच किंवा त्याहून अधिक बर्फ पडला की रस्ता कडेपर्यंत साफ होईतो रस्त्यावर गाडी लावता येत नाही, आणि इतर अनेक उपनगरांतही असाच नियम आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरी वीस-पंचवीस पाहुणे येणार असतील आणि त्या दिवशी बर्फाचा अंदाज असेल, तर गाड्या कोठे लावायच्या हे आमंत्रणाबरोबरच कळवणे शहाणपणाचे, कारण दंडाची चिठ्ठी पाहुण्याच्या काचेवर लागते.

ड्राइव्हवे

प्लाऊ गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी ओल्या, जड बर्फाचा बांध उभा राहतो. हे चालकाने मुद्दाम केलेले नसते. पाते बर्फ उजवीकडे ढकलत येते आणि कडेला जेथे मोकळी जागा मिळेल, म्हणजे आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी, तेथे ते रिकामे होते. हा बांध पूर्ण टाळता येत नाही, पण बराच कमी करता येतो. घराकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहावे. आपल्या बाजूचा प्लाऊ डावीकडून येणार आहे. म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेने सात-आठ फूट लांबीचा एक कप्पा साफ करून ठेवावा आणि आपण काढलेला सगळा बर्फ उजव्या बाजूला टाकावा. पात्यावरचा बर्फ आधी त्या कप्प्यात सांडतो आणि तोंडाशी फार थोडा उरतो. पहिल्यांदा हे करून पाहणाऱ्याला शेजारच्या ड्राइव्हवेशी तुलना केल्यावरच पटते.

बर्फ रस्त्यावर ढकलू नये. ते बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तोच बर्फ पुढच्या फेरीत शेजाऱ्याच्या दारात जाऊन पडतो. घराजवळ अग्निशमनाचा नळ असेल तर त्याच्या भोवती तीन फूट जागा आणि रस्त्यापर्यंत वाट मोकळी ठेवावी, टपालपेटीपर्यंतही. साइडवॉक (पादचाऱ्यांचा पदपथ) साफ करताना अनेकांच्या मनात शंका असते की आपण अर्धवट साफ केले आणि कोणी घसरून पडले तर दावा होईल. इलिनॉयचा 1979 चा कायदा घरासमोरचा साइडवॉक साफ करणाऱ्या घरमालकाला, जाणूनबुजून केलेला बेफिकीरपणा सोडल्यास, अशा दाव्यापासून संरक्षण देतो. तेव्हा त्या भीतीने फावडे खाली ठेवू नये.

फावड्याने बर्फ उचलण्यापेक्षा ढकलावा. 6 इंच पडणार असेल तर एकदाच 6 इंच काढण्याऐवजी 3-3 इंचांच्या दोन खेपा कराव्यात. हे काम दिसते त्यापेक्षा जास्त दमछाक करणारे आहे. थंड हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातांचे जोरकस काम रक्तदाब वाढवते आणि दर हिवाळ्यात बर्फ काढताना हृदयविकाराचे झटके येतात. भारतातून आलेले वडील हौसेने फावडे हाती घेतात. त्यांना गरम चहा द्यावा आणि खिडकीशी बसवावे. स्नो ब्लोअर असेल तर एकच नियम कोरून ठेवावा: तोंड तुंबले की यंत्र बंद करूनसुद्धा हात आत घालू नये, कारण अडकलेले पाते मोकळे होताच साठलेल्या ताणाने फिरते. त्यासाठी यंत्राबरोबर काठी मिळते.

मिठाच्या बाबतीत आपल्याकडे सढळ हाताची सवय आहे आणि ती येथे चुकीची आहे. बर्फ आधी काढावा, मग उरलेल्या पातळ थरावर मीठ टाकावे. साधारण 20 फुटांच्या ड्राइव्हवेला कॉफीचा एक मोठा मग, म्हणजे 12 औंस मीठ पुरते. खडे एकमेकांपासून दूर पडायला हवेत. ढीग दिसत असेल तर जास्त झाले. साधे मीठ जमिनीचे तापमान 15 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की जवळजवळ निरुपयोगी ठरते, तेव्हा कितीही ओतले तरी उपयोग नाही. त्या वेळी कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू वापरावी. वितळलेले मीठ गटारातून थेट ओढ्यांत आणि ड्यूपेज नदीत जाते आणि तेथून ते काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नये, पापुद्रे सुटतात.

गाडीची तयारी

चारही चाकांना शक्ती देणारी गाडी आहे म्हणून निर्धास्त होणे ही या उपनगरांतील सर्वांत महागडी समजूत आहे. त्या व्यवस्थेने गाडी जागेवरून सुटते, चढ चढते. थांबताना मात्र ती काहीही मदत करत नाही. थांबणे आणि वळणे हे टायरच्या रबरावर अवलंबून असते. 45 अंश फॅरनहाइटच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होते, म्हणून जमेल त्यांनी हिवाळी टायरचा वेगळा संच घ्यावा, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांनी निदान बाजूला तीन शिखरे व हिमकण असे चिन्ह असलेले टायर घ्यावेत. पाव डॉलरचे नाणे डोके खाली करून खाचेत उभे धरावे. वॉशिंग्टनच्या केसांचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर खाच 4/32 इंचाहून कमी उरली आहे आणि बर्फासाठी ते टायर संपले आहेत. तापमान 10 अंश फॅरनहाइटने उतरले की हवेचा दाब साधारण 1 पीएसआय कमी होतो, म्हणून पहिल्या थंडीत दाबाचा दिवा लागला तर घाबरू नये, हवा भरावी.

काच धुण्याचे द्रव उणे 20 अंश फॅरनहाइटपर्यंत न गोठणारे घ्यावे. उन्हाळ्यातले उरलेले नळीतच गोठते. काचेवर गरम पाणी कदापि ओतू नये. छतावरचा बर्फ खाली ढकलावा, नाहीतर पहिल्या जोराच्या ब्रेकला तो समोरच्या काचेवर येतो किंवा वेगात मागच्या गाडीवर लादी उडते. निघण्यापूर्वी बूट आपटून झटकावेत. पायपुसण्यावर वितळलेल्या बर्फाची वाफ आतून काचेवर बसते आणि दहा मिनिटांनी काहीच दिसेनासे होते. अशा वेळी हवा आत फिरवण्याचे बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि एसी चालू ठेवावा. थंडीत एसी हे विचित्र वाटते, पण तोच दमट हवा कोरडी करतो. गाडी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीही तापवू नये, दार उघडे असले तरी नाही. डिकीत फावडे, ब्लँकेट, हातमोजे, विजेरी, पाणी, चिक्की किंवा शेंगदाणे आणि मांजराच्या पेटीत टाकतात ती माती ठेवावी. इंधन अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नये. विजेच्या गाडीचा पल्ला थंडीत बराच घटतो. जानेवारी 2024 च्या कडाक्यात ओक ब्रूक येथे चार्जिंगसाठी गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, तेव्हा गाडी घरी तारेला जोडलेली असतानाच तापवून निघावे.

रस्त्यावर

बर्फात सगळ्या हालचाली हळुवार हव्यात. वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे या तीन गोष्टी एकाच वेळी करू नयेत: आधी सरळ रेषेत वेग कमी करावा, मग वळावे, मग पुन्हा वेग घ्यावा. ज्यांनी खंडाळ्याचा किंवा माळशेजचा घाट पावसात उतरवला आहे त्यांना ब्रेकवर उभे न राहता खालच्या गिअरवर गाडी उतरवण्याची सवय असते. ऑटोमॅटिक गाडीतही ‘एल’ वा अंकांचे गिअर असतात आणि टोलवेच्या उताराच्या रॅम्पवर ते तसेच, पण अलगद, वापरावेत. पुढच्या गाडीपासून आठ ते दहा सेकंदांचे अंतर ठेवावे. क्रूझ कंट्रोल बंद. वायपर चालू असतील तर दिवेही लावणे इलिनॉयमध्ये कायद्याने बंधनकारक आहे.

ब्रेक जोरात लावावाच लागला तर एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत पाय दाबूनच धरावा. पायाखाली घरघर आणि धक्के जाणवतात. अनेक जण गाडी बिघडली असे समजून नेमका तेव्हाच पाय उचलतात. पुढची चाके सरळ घसरत असतील तर ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग थोडे सैल करावे. मागची बाजू फिरू लागली तर ती ज्या दिशेला जाते आहे त्या दिशेला स्टिअरिंग वळवावे. नजर मात्र जेथे जायचे आहे तेथे ठेवावी, झाडावर नाही. पहिल्या बर्फानंतर, परवानगी असलेल्या एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊन एकदा मुद्दाम ब्रेक दाबून पाहावा. लेख वाचून हे पायाला कळत नाही.

काही जागा ओळखून ठेवाव्यात. पूल आणि उन्नत रॅम्प खालूनही थंड होतात, म्हणून आधी गोठतात. सिग्नलच्या आधीचे पन्नास-साठ फूट, थांबणाऱ्या आणि निघणाऱ्या चाकांनी घासून, आरशासारखे गुळगुळीत झालेले असतात. चौकात रचलेला बर्फाचा ढीग दुपारच्या उन्हात वितळतो, पाणी रस्त्यावरून आडवे वाहते आणि रात्री तेथेच ब्लॅक आइस, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पातळ थर, होऊन बसते. म्हणजे वादळानंतर दोन दिवसांनी, आकाश निरभ्र असताना, गाडी घसरते. आणि प्लेनफिल्ड, ऑस्वेगो, यॉर्कव्हिलच्या पलीकडे जेथे वसाहती संपून मक्याची शेते लागतात, तेथे पश्चिमेचा वारा साफ केलेल्या रस्त्यावर बर्फ परत आणून टाकतो. रूट 47 सारख्या उत्तर-दक्षिण रस्त्यांना याचा त्रास अधिक, कारण वारा त्यांना आडवा लागतो. नकाशा तो रस्ता पाच मिनिटांनी जवळचा दाखवत असला तरी वाऱ्याच्या दिवशी वसाहतींमधला रस्ता घ्यावा.

पुढे प्लाऊ असेल तर तो ओलांडू नये. त्याचे आरसे आपल्याला दिसत नसतील तर चालकालाही आपण दिसत नाही, आणि पात्याची कड कधी कधी शेजारच्या लेनमध्ये आलेली असते. त्याच्या पुढचा रस्ता तसाही साफ केलेला नसतो. कडेला दिवे लावून उभ्या असलेल्या कोणत्याही वाहनापाशी लेन बदलावी, ते शक्य नसेल तर वेग कमी करावा. इलिनॉयमध्ये हा नियम ‘स्कॉट्स लॉ’ म्हणून ओळखला जातो.

गाडी रुतली तर चाके फिरवत राहिल्याने खाली बर्फाची लादी तयार होते. चाकांपुढचा बर्फ काढावा, स्टिअरिंग सरळ करावे, डिकीतली माती टाकावी, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरताच त्याची शक्ती कमी करणारी यंत्रणा) तात्पुरते बंद करून हळूच मागे-पुढे झुलवावे. हमरस्त्यावर अडकल्यास गाडी सोडून चालत निघू नये. फेब्रुवारी 2011 च्या वादळात शिकागोतील तळ्याकाठच्या लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या. अशा वेळी धुराड्याभोवतीचा बर्फ आधी काढावा, एक खिडकी किंचित उघडी ठेवावी, तासाला सुमारे दहा मिनिटेच इंजिन चालवावे आणि प्रत्येक वेळी धुराडे पुन्हा तपासावे. टोलवेवर मदतीसाठी फोनवरून स्टार 999 लावावा. कोणाला इजा झाली असेल तर 911.