गोदामात साप निघाला: जुन्या एक्सपीवरचे पॉप-अप मेसेज बंद करताना

इंदूरच्या सियागंजात माझ्या मावसभावाची किराण्याची पेढी आहे. तिथे अजून दोन विंडोज एक्सपी मशिनं चालतात. हिशेबाचा जुना प्रोग्राम आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर यांचं तिथेच जमतं आणि इंटरनेट लावलेलं नाही, म्हणून मीही बदला-बदला करत मागे लागले नाही. गेल्या महिन्यात एक मशिन बसलं. भावाने कपाटातली मूळ सीडी काढून फॉरमॅट मारला आणि चार दिवसांनी फोन आला. "ताई, मुनीमजींच्या स्क्रीनवर लिहून आलं की गोदामात साप निघाला. मुनीमजी अनवाणी रस्त्यावर पळाले!"

साप कुठला! शेजारच्या मशिनवर बिलं फाडणाऱ्या पोराला 'नेट सेंड' ही मेसेज पाठवायची कमांड सापडली होती.

विंडोज एनटी, 2000 आणि एक्सपीत 'मेसेंजर' नावाची एक सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, असते. घड्याळाशेजारी जो चॅटिंगचा बाहुला दिसतो तो हा नव्हे. नाव सारखं असल्यामुळे लोक बाहुला काढून टाकतात आणि मेसेज येतच राहतात. ही सर्व्हिस ऑफिसातल्या ऑफिसात सूचना देण्यासाठी होती: प्रिंट निघालं, सर्व्हर बंद होतोय, असल्या. कमांड प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, नेट सेंड, पुढे मशिनचं नाव आणि मजकूर लिहिला की समोर करडी खिडकी उघडते, खाली एक 'ओके'. नावाच्या जागी फुली म्हणजे स्टार (*) टाकला की सगळ्या वर्कग्रुपला, म्हणजे गटातल्या सगळ्या मशिनांना.

बंद करायचं काम दोन मिनिटांचं आहे. स्टार्ट, रन, आणि तिथे सर्व्हिसेस डॉट एमएससी टाइप करा. यादीत मेसेंजरवर डबल क्लिक. आधी 'स्टार्टअप टाइप'मध्ये डिसेबल्ड निवडून अप्लाय, मग स्टॉप. नुसतं स्टॉप करून उठाल तर मशिन पुन्हा सुरू केल्यावर मेसेंजर हजर. माउस चालत नसेल तर कमांड प्रॉम्प्टवर आधी नेट स्टॉप मेसेंजर, मग एससी कॉन्फिग मेसेंजर स्टार्ट= डिसेबल्ड. यात बरोबरच्या चिन्हानंतर एक जागा सोडायचीच. त्या एका जागेपायी मी एकदा अर्धा तास घालवला आहे. विंडोज 98 वर सर्व्हिस नसते, विनपॉपअप नावाचा प्रोग्राम असतो. तो बंद करा आणि स्टार्टअपमधून काढा, संपलं.

बंद झालं की नाही ते बघायला कमांड प्रॉम्प्टवर एनबीटीस्टॅट, जागा, वजा एन. नावांच्या यादीत 03 आकड्याची ओळ दिसली तर मेसेंजर अजून चालू आहे. आता दुसऱ्या मशिनवरून मेसेज पाठवून बघा. पाठवणाऱ्यालाच एरर येते की हे नाव नेटवर्कवर सापडत नाही.

भावाचा प्रश्न होता, इतकी वर्षं काही नव्हतं, आत्ताच कुठून आलं? फॉरमॅटमुळेच आलं. ऑगस्ट 2004 च्या सर्व्हिस पॅक 2 (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा गठ्ठा) पासून एक्सपीत ही सर्व्हिस मुळातच बंद असते. पण सीडी त्याआधीची असेल तर ती चालू स्थितीतच बसते. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, कोणता पॅक आहे ते पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून मात्र हे प्रकरण विंडोजमधून काढूनच टाकलं.

पोराला मी फार रागावले नाही. 2003 मध्ये मी रामबागेतल्या एका कॉम्प्युटर क्लासची लॅब सांभाळायची आणि नेट सेंडचा पहिला गैरवापर मीच केला होता. सकाळी साडेनऊला पुढच्या ऑफिसात पोहे आले की तिथली काकू मला 'आ गए' असं पाठवायची. एकदा तिला उत्तर देताना मी नावाऐवजी स्टार टाकला. 'जलेबी मत छोड़ना' हे चौदाही पोरांनी वाचलं आणि मुलं शिकली.

मग कुणीतरी बॅच फाइलमध्ये लूप लिहिला, म्हणजे तीच कमांड आपोआप पुन्हा पुन्हा चालेल असं केलं. ओके दाबलं की मागे दुसरी खिडकी, तिच्यामागे तिसरी. पण खिडकीत पहिल्याच ओळीत पाठवणाऱ्या मशिनचं नाव असतं हे शहाण्यांच्या ध्यानात नव्हतं. मी सरळ सात नंबरच्या मशिनपाशी जाऊन उभी राहायची. खिडकी कुणी घाईने मिटवली तरी इव्हेंट व्ह्यूअरच्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीच्या, सिस्टिम लॉगमध्ये 26 नंबरच्या नोंदीत अख्खा मजकूर, वेळेसकट, सापडतो. एक भिया (इंदुरी भाऊ) मात्र हुशार निघाला. अकरा नंबर दुरुस्तीला गेलं होतं, त्याने आपल्या मशिनला तेच नाव दिलं. टेबल रिकामं आणि मेसेज अकराकडून! तेव्हा एनबीटीस्टॅट वजा ए, पुढे ते नाव, असं चालवलं. त्यात नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, येतो आणि तो माझ्या रजिस्टरात लिहिलेला होता. भिया तीन नंबरवर बसलेला.

चांगला उपयोगही एक ठरवला होता. त्या वर्षी मध्य प्रदेशात लाइट कधी जाईल नेम नव्हता, निवडणूकच बिजली-सडक-पानीवर झाली. लाइट गेली की 'सेव्ह करा' असा मेसेज सगळ्यांना टाकायचा, यूपीएसवर पाच मिनिटं मिळतात. पहिल्याच दिवशी मेसेज गेलाच नाही. मशिनं यूपीएसवर होती, मशिनं एकमेकांना जोडणारा हब भिंतीच्या सॉकेटवर.

इंटरनेट जोडलेल्या जुन्या मशिनचं दुखणं वेगळं. 2002 च्या सुमारास बाहेरचे लोक याच खिडकीतून जाहिराती पाठवू लागले. ब्राउझर न उघडताही, नुसता डायल-अप लागला की 'तुमच्या रजिस्ट्रीत बिघाड' असं यायचं. त्यात लिंक दाबता येत नसे, म्हणून पत्ता हाताने टाइप करा अशी विनवणी! काही जण तर पॉप-अप थांबवायचं सॉफ्टवेअर पॉप-अपमधूनच विकत. मेसेंजर बंद केला की हे थांबतं. पण बाहेरचा मेसेज आत आला याचा अर्थ 135, 137 ते 139 यांसारखं एखादं पोर्ट, म्हणजे मशिनचं दार, बाहेरच्यांना उघडं आहे. ऑगस्ट 2003 चा ब्लास्टर वर्म (व्हायरससारखा पसरणारा प्रोग्राम) 135 मधूनच शिरला होता. शिवाय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द मेसेंजरमध्ये भोक सापडलं आणि मायक्रोसॉफ्टने पॅच काढला. म्हणून बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉलही लावा: त्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथली खूण. सर्व्हिस पॅक 2 च्या आधीच्या एक्सपीवर ही खूण डायल-अपवरच करा. लॅनवर, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कवर, केली तर फाइल शेअरिंग बंद पडतं आणि प्रिंटर गेला म्हणून तुम्हाला पुन्हा फोन येईल.

बंद करण्याआधी एक विचारून घ्या, जुना सर्व्हर, यूपीएस किंवा अँटिव्हायरस यातून इशारे पाठवतो का. सियागंजात तसलं काही नव्हतं. मुनीमजींचं मशिन मी गप्प केलं. पोराच्या मशिनवर सर्व्हिस पॅक 2, तिथे मेसेंजर आधीपासूनच बंद. मी उठायला लागले तर मुनीमजींनी हळूच विचारलं, "ताई, त्याचं चालू करता येतं का?" सर्व्हिस बंद असली तरी पाठवता येतं, बंद होतं ते येणं. मी पोराच्या मशिनवर ऑटोमॅटिक करून स्टार्ट दाबलं, त्याच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगला सूट दिली आणि कमांड मुनीमजींना बिलाच्या पाठीमागे लिहून दिली.