बिगिन एकीकडे, रोलबॅक भलतीकडे

नोड आणि पोस्टग्रेस डेटाबेस घेऊन नव्यानं बॅकएंड लिहायला बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी परभणीचा. पहिलं मोठं काम मिळालं ते मोंढ्यातल्या एका आडतीचं. शेतकऱ्याचा माल काट्यावर आला की वजन, भाव, हमाली, तोलाई धरून पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती, करायची, आधी दिलेली उचल त्यातून वळती करायची आणि उरलेली रक्कम द्यायची.

कोड बरोबर आहे याची मला खात्री होती. आधी बिगिन, म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू, मग उचल कमी, मग पट्टीची नोंद, शेवटी कमिट, म्हणजे सगळं पक्कं. काही बिघडलं तर कॅचमध्ये रोलबॅक, म्हणजे केलेलं सगळं मागे. घरी लॅपटॉपवर कितीदा तरी चालवून पाहिलं होतं. सोयाबीनच्या हंगामात चार मुनीम एकदम नोंदी करू लागले आणि एका संध्याकाळी एक काका गल्ल्यासमोर येऊन उभे राहिले. खात्यावर त्यांची २०,००० रुपयांची उचल फिटलेली, पण पट्टी कुठेच नाही. "उचल फिटली म्हणता, मग माझा माल कुणी घेतला?" मला उत्तर देता आलं नाही.

रात्री बसून शोधलं. प्रत्येक क्वेरी मी थेट पूलवर चालवत होतो. पूल म्हणजे उघड्या कनेक्शनांचा साठा; दर क्वेरीला तो मोकळं असेल ते कनेक्शन देतो. ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या होतील नाहीतर एकही नाही असा क्वेरींचा गट, मात्र एकाच कनेक्शनपुरतं असतं. माझं बिगिन एका कनेक्शनवर गेलं, उचलीची क्वेरी दुसऱ्यावर जाऊन तिथल्या तिथे पक्की झाली. दोन मुनिमांना एकच पट्टी नंबर मिळाल्यामुळे पट्टीची नोंद आपटली आणि रोलबॅक तिसऱ्याच कनेक्शनवर गेलं. घरी मी एकटाच होतो, त्यामुळे पूल दरवेळी तेच कनेक्शन परत देत होता. त्याहून वाईट म्हणजे बिगिन झालेलं कनेक्शन तसंच पूलमध्ये परत जातं आणि दुसऱ्याच कुणाची नोंद त्या अर्धवट ट्रान्झॅक्शनमध्ये अडकते.

उपाय एका छोट्या फंक्शनचा आहे. ते पूलकडून एक क्लायंट, म्हणजे एक ठरलेलं कनेक्शन, घेतं, बिगिन करतं, तुम्ही दिलेलं काम त्याच क्लायंटवर चालवतं आणि कमिट करतं. चूक झाली तर रोलबॅक करून तीच चूक पुढे फेकतं. फायनलीमध्ये क्लायंट परत करतं. हा परत करण्याचा भाग विसरू नका. नोडच्या पीजी लायब्ररीत पूलची मर्यादा मुळात १० कनेक्शनांची असते. दहाही अडकली की अकरावी विनंती नुसती वाट पाहत राहते, लॉगमध्ये एक ओळही येत नाही. बाकी सगळ्या कोडमधून बिगिन-कमिट काढून टाका आणि आतल्या प्रत्येक फंक्शनला क्लायंट हातानं द्या. नोडमधलं असिंकलोकलस्टोरेज वापरून तो आपोआप पोचवता येतो, पण पहिलं वर्षभर तरी हातानंच द्या. कुठली क्वेरी ट्रान्झॅक्शनच्या आत आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे. प्रिझ्मा ही डेटाबेसची लायब्ररी वापरत असाल तरी हेच: कॉलबॅकमध्ये मिळालेला क्लायंट सोडून बाहेरचा वापरलात की ती क्वेरी ट्रान्झॅक्शनबाहेर गेली.

पट्टी नंबरासाठी मी आधी सीक्वेन्स, म्हणजे पोस्टग्रेसचा आपोआप पुढचा नंबर देणारा मोजणीदार, लावला, पण तो रोलबॅक झाल्यावर मागे येत नाही, नंबर सुटतात आणि मुनिमांना सुटलेला नंबर चालत नाही. म्हणून वेगळ्या टेबलातली एक ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट करून नंबर घेतो. कमिट होईपर्यंत ती ओळ लॉक राहते, तोवर दुसरा मुनीम थांबतो. म्हणूनच शेतकऱ्याला जाणारा एसएमएस कमिटनंतर पाठवतो; तो आत ठेवला तर एसएमएस सेवा रेंगाळेल तितका वेळ सगळा मोंढा खोळंबतो.

आता माझ्याकडे एक चाचणी कायम असते. २० पट्ट्या प्रॉमिस-ऑलसेटल्डनं एकदम सोडायच्या, त्यातल्या काहींत उचलीनंतर मुद्दाम एरर फेकायची आणि वळती झालेली उचल पट्ट्यांवरच्या वजावटीशी ताडून पाहायची. जुन्या कोडवर ती पहिल्यांदा चालवली तेव्हा बेरीज जुळली नाही, आणि त्या काकांची पट्टी कशी हरवली ते मला स्क्रीनवर दिसलं.